नगर जिल्ह्याची उमेद कुठे गेली?

"आपली पोरं काम करत नाहीत," हे वाक्य नगर जिल्ह्यात आज कुठेही ऐकायला मिळते. सुप्याच्या औद्योगिक वसाहतीतला ठेकेदार हे म्हणतो, राहुरीचा कांदा उत्पादक म्हणतो, श्रीरामपूरचा बांधकाम मिस्त्रीही म्हणतो. कांद्याच्या गोण्या भरायला, गोठा साफ करायला, यंत्रावर रात्रपाळी करायला बिहार, उत्तर प्रदेश, नाहीतर मध्य प्रदेशातून आलेले मजूर दिसतात; गावचा पदवीधर मात्र पारावर मोबाइल घेऊन बसलेला असतो. देशपातळीवरही हाच सूर आहे. ऑक्टोबर 2023 मध्ये इन्फोसिसचे नारायण मूर्ती यांनी तरुणांनी आठवड्याला 70 तास काम करावे असे सुचवले. जानेवारी 2025 मध्ये लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांचे 90 तासांचे विधान गाजले. जगाच्या बाजारात टिकायचे तर भारतीयाने आधी घाम गाळायला शिकावे, असे या सगळ्यातून सुचवले जाते.

हा आरोप तपासून पाहायला नगर, म्हणजे आताचा अहिल्यानगर, यासारखा जिल्हा महाराष्ट्रात दुसरा नाही. शेतकऱ्याने मालक होण्याचे स्वप्न इथे कारखान्याच्या धुरांड्यापर्यंत पोहोचले. श्रमदानातून गावे इथे उभी राहिली. आणि खुल्या अर्थव्यवस्थेचे तडाखेही इथल्या कांद्याने, दुधाने आणि उसाने खाल्ले. माझे मत आधीच मांडतो. या जिल्ह्यात कष्ट कमी झालेले नाहीत. कष्टातून सगळ्यांचे मिळून काहीतरी उभे करायचे, ही आकांक्षा आटली आहे, आणि त्याचा दोष पारावरच्या पोराच्या माथी मारणे अन्यायाचे आहे.

ऑगस्ट 1942 मध्ये 'चले जाव'चा ठराव झाल्यावर काँग्रेस कार्यकारिणीचे सदस्य नगरच्या भुईकोट किल्ल्यात आणून ठेवले गेले. नेहरू, पटेल, मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव, शंकरराव देव अशी माणसे तिथे होती. नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' 1944 मध्ये तिथेच लिहिले. स्वतंत्र देशाचे चित्र किल्ल्यात कागदावर उतरत होते, त्याच सुमारास जिल्ह्याच्या उत्तर भागात अर्धशिक्षित शेतकरी एक वेगळेच गणित मांडत होते. ते गणित त्या चित्राइतकेच मोठे होते, असे मला वाटते.

त्याची पार्श्वभूमी अशी. भंडारदऱ्याचे धरण 1926 मध्ये पूर्ण झाले आणि प्रवरेचे पाट संगमनेर, राहाता, श्रीरामपूर भागात फिरले. पाणी आले, पण सुबत्ता आली नाही. ऊस आणि गूळ करणारा शेतकरी सावकाराच्या आणि अडत्याच्या हातात राहिला. हरेगावला बेलापूर कंपनीचा आणि टिळकनगरला डहाणूकरांचा असे खासगी साखर कारखाने आले, तेव्हा अनेकांनी जमिनी खंडाने देऊन टाकल्या आणि आपल्याच रानात मजुरी केली. त्या जमिनी परत मिळवण्यासाठी खंडकरी शेतकऱ्यांना पुढे कित्येक दशके भांडावे लागले. पाणी, जमीन, मेहनत सगळे शेतकऱ्याचे आणि नफा मात्र दुसऱ्याचा, हा अनुभव या भागाच्या हाडात भिनलेला होता.

लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील जेमतेम शाळा शिकलेले. 1923 मध्ये त्यांनी गावात सहकारी पतपेढी काढली होती. पुढे बागायतदारांच्या परिषदेतून आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या सल्ल्यातून शेतकऱ्यांच्याच मालकीच्या साखर कारखान्याची कल्पना आकाराला आली. विठ्ठलराव गावोगाव फिरले. ज्याच्या घरी पुढच्या पेरणीचे बियाणे नाही अशाकडे भागभांडवलासाठी पैसे मागितले. लोकांनी दागिने मोडले, जनावरे विकली. 1948 मध्ये प्रवरा कारखान्याची नोंदणी झाली आणि 1950 च्या अखेरीस गाळप सुरू झाले. देशातला यशस्वी ठरलेला हा पहिला सहकारी साखर कारखाना. यातली मला सर्वात मोठी वाटणारी गोष्ट पैशांची नाही. विठ्ठलरावांनी अध्यक्षपदाची खुर्ची स्वतःकडे न घेता गाडगीळांना दिली, आणि पहिले दशकभर पुण्याच्या गोखले संस्थेतला हा विद्वान माणूस ग्रामीण कारखान्याचा अध्यक्ष राहिला. शेतकऱ्याने आपल्यापेक्षा जास्त जाणणाऱ्याला मान दिला आणि विद्वानाने आपले ज्ञान रानात नेऊन कसाला लावले. 1961 मध्ये नेहरू प्रवरानगरला आले. किल्ल्यात कागदावर लिहिलेल्या भारताचा एक तुकडा त्यांना तिथे प्रत्यक्ष चालताना दिसला असणार.

त्यानंतर कोपरगाव, संगमनेर, राहुरी, अशोकनगर असे कारखाने उभे राहिले. त्यांच्या जोडीने शाळा, दवाखाने, दूध संघ, जिल्हा बँक आली. 1968 मध्ये राहुरीला महात्मा फुले कृषी विद्यापीठ झाले. 1983 मध्ये लोणीला अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले, तेव्हा खेड्यातल्या मुलाने अभियंता होणे हीच मोठी गोष्ट होती.

जिल्ह्याची दक्षिण बाजू मात्र कोरडी. पारनेर, पाथर्डी, जामखेड, कर्जत हा जिरायत पट्टा. 1972 च्या दुष्काळात इथल्या बायाबापड्यांनी खडी फोडली, पाझर तलाव खोदले. महाराष्ट्राची रोजगार हमी योजना त्याच अनुभवातून घडली. पुढची दोन मोठी स्वप्ने याच कोरड्या मातीतून आली. 1975 मध्ये लष्करातून निवृत्त होऊन अण्णा हजारे राळेगणसिद्धीला परतले. स्वतःच्या पैशांतून त्यांनी यादवबाबांचे मंदिर नीट केले आणि मग नशाबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नसबंदी आणि श्रमदान या सूत्रांवर गाव बांधले. 1989 मध्ये हिवरेबाजारच्या सरपंचपदी एम. कॉम. झालेला एक तरुण आला, पोपटराव पवार. त्या वेळी त्या गावात बदली म्हणजे शिक्षा, असे सरकारी नोकर मानत. गावाने समतल चर खणले, बंधारे घातले. शेतीसाठी बोअर न घेण्याचे ठरवले. ऊस आणि केळी लावायची नाही, असेही ठरवले. साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात एका गावाने ऊस नाकारावा, या निर्णयाचे धाडस आजही पुरेसे ओळखले गेलेले नाही. दरवर्षी पडलेला पाऊस मोजून, ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरतात. शहरात गेलेली कुटुंबे परत आली. 2020 मध्ये पोपटरावांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनाही. शाळेची पायरी न चढलेल्या राहीबाईंनी गावठी बियाण्यांची बँक उभी केली.

नगर शहराचाही एक वाटा आहे. फिरोदिया कुटुंबाच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने 1972 मध्ये आणलेली लुना मोपेड देशभर रस्त्यांवर धावली. शिक्षक, पोस्टमन, दूधवाला, कॉलेजची मुलगी अशा सामान्यांची ती पहिली स्वयंचलित गाडी. नगरच्या एमआयडीसीत त्या काळी पर्मनंट नोकरी लागणे म्हणजे घर मार्गी लागणे. टर्नर, फिटर, वेल्डर आयटीआयतून थेट कारखान्यात जात आणि तिथून निवृत्त होत.

मग 1991 चे आर्थिक उदारीकरण आले. खुल्या धोरणाने देशाला बरेच काही दिले, हे नाकारण्यात अर्थ नाही. नगरच्या मुली पुण्याच्या संगणक कंपन्यांत गेल्या, त्यांच्या आयांनी स्वप्नातही पाहिले नसेल असे आयुष्य जगल्या. पण जिल्ह्याच्या संस्थांसमोर नवे प्रश्न आले आणि त्यांची उत्तरे जुन्या स्वप्नात नव्हती. होंडाशी झालेली कायनेटिकची भागीदारी 1998 मध्ये संपली आणि 2008 मध्ये त्यांचा दुचाकीचा व्यवसाय महिंद्राकडे गेला. लार्सन अँड टुब्रोचा विद्युत उपकरणांचा व्यवसाय, नगरच्या कारखान्यासह, 2020 मध्ये फ्रेंच कंपनी श्नायडरने घेतला. ज्या कंपनीचे अध्यक्ष आठवड्याला 90 तास मागतात, तिच्या नगरच्या कामगारांनी वर्षानुवर्षे पाळ्या भरल्या आणि एक दिवस मालक बदलला. कामगाराच्या मेहनतीशी या बदलाचा काडीइतका संबंध नव्हता. आपण कितीही राबलो तरी निर्णय भलतीकडेच होतो, हा धडा घराघरांत पोहोचला, आणि पुढच्या पिढीने तो नीट वाचला.

शेतीत तर हा धडा वारंवार गिरवला गेला. 2023 चा डिसेंबर आठवावा. 7 तारखेला केंद्र सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधन घातले. कारखान्यांनी त्यासाठी कर्ज काढून प्रकल्प उभारले होते. 8 तारखेला कांद्याची निर्यात बंद झाली. त्याआधी ऑगस्टमध्ये 40 टक्के निर्यात शुल्क लावलेच होते. त्याच वर्षी दूध भुकटीचे भाव पडले आणि वर्षाच्या सुरुवातीला लिटरला 35 रुपयांपुढे गेलेले गायीचे दूध वर्षअखेरीस 27 च्या आसपास आले. ऊस, कांदा आणि दूध या तिन्हींवर जगणाऱ्या जिल्ह्याला एका हंगामात तिन्ही बाजूंनी मार बसला. पहाटे चारला उठून धार काढणाऱ्या संगमनेरच्या बाईने त्या वर्षी काम कमी केले होते काय? जुलै 2024 मध्ये अकोल्यातल्या कोतूळला दूध उत्पादक महिनाभर ठिय्या देऊन बसले, ते काम टाळण्यासाठी बसले नव्हते. आणि 1 जून 2017 ला पुणतांब्याच्या शेतकऱ्यांनी संप पुकारला, तो महाराष्ट्रभर पसरला. ज्या पट्ट्याने 1950 मध्ये स्वतःच्या पैशांनी कारखाना उभारला, त्याच पट्ट्यातला शेतकरी सदुसष्ट वर्षांनी 'आम्ही पिकवणारच नाही' म्हणाला. देशाच्या आकांक्षेबद्दल बोलणाऱ्या प्रत्येकाने ही तारीख लक्षात ठेवायला हवी.

कष्टाचा प्रश्न निकाली काढायचा असेल तर दिवाळीनंतर पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या वाड्या-वस्त्यांवर जावे. घरांना कुलपे असतात. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल, आणि सहा महिने उसाच्या फडात पालावर संसार. पहाटे अंधारात तोड सुरू होते. मोळ्या बांधणे, डोक्यावर वाहून गाडी भरणे, मध्यरात्री ट्रक आला तरी उठणे, असा तो दिवस असतो. जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ झाली, तीही आंदोलनानंतर. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या आकडेवारीतही भारतीय कामगाराचा आठवडा जगातल्या लांब आठवड्यांत मोडतो. 70 आणि 90 तासांचा सल्ला या माणसांना कोण देणार? ते केव्हाच त्यापुढे गेले आहेत आणि अजून गरीबच आहेत. अकोल्याचे आदिवासी पहाटे नारायणगावच्या मजूर अड्ड्यावर उभे राहतात, त्यांचीही हीच कथा.

मग पारावरचा तो पदवीधर? त्याच्याबद्दल कठोरपणे बोलणे सोपे आहे. 2023 च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले. 2024 च्या पोलीस भरतीत 17 हजार जागांसाठी 17 लाखांहून अधिक. नगरच्या गावागावांतून पहाटे रस्त्याने धावणारी मुले-मुली दिसतात, ती याच भरतीची तयारी करत असतात. पुण्याच्या पेठांतल्या अभ्यासिकांत बारा-बारा तास बसलेली मुलेही हीच. ही आळशी पिढी नाही. आई-बापाला बाजाराने कसे वागवले ते या पिढीने पाहिले आहे, म्हणून जिथे बाजार शिरू शकत नाही अशी एकच जागा ती शोधते: सरकारी पगार. शेती करणाऱ्या मुलाला मुलगी मिळत नाही, हे गावात उघड बोलले जाते. एमआयडीसीत त्याला हेल्परची जागा मिळते, तीही ठेकेदारामार्फत, अकरा महिन्यांच्या करारावर. आजोबांच्या पिढीत कारखान्यातली नोकरी प्रतिष्ठा देई, आता ती पोटापुरतेही देत नाही. बाहेरून आलेला मजूर तेवढ्यावर राबतो, कारण तो एकटा खोलीत राहून घरी पैसे पाठवतो आणि त्याच्या गावात याहून वाईट आहे. त्यावरून एकाला मेहनती आणि दुसऱ्याला ऐतखाऊ ठरवणे चूक आहे.

तरीही माझ्या मनातला सवाल सुटत नाही. परिस्थिती 1945 मध्येही वाईट होती. तेव्हाचा साखर बाजारही शेतकऱ्याच्या हातात नव्हता. तरी त्या माणसांना वाटले की आपण मिळून काही करू शकू. आज तसे वाटत नाही, याचे कारण जागतिकीकरणात शोधण्याआधी आपल्या संस्थांत शोधावे लागते.

गुजरातेतल्या आणंदचा दूध संघ 1946 मधला, प्रवरा कारखान्यापेक्षा दोनच वर्षांनी मोठा. तिथे त्रिभुवनदास पटेल यांनी वर्गीस कुरियन यांना व्यवस्थापन चालवू दिले, जसे विठ्ठलरावांनी गाडगीळांना अध्यक्ष केले होते. फरक पुढे पडला. आणंदने तो रिवाज टिकवला आणि अमूल घराघरांतले नाव झाले. आपल्या कारखान्यांची साखर आजही पोत्यात भरून व्यापाऱ्याच्या निविदेची वाट पाहते. महाराष्ट्राच्या सहकारी दूध महासंघाचे 'महानंद' 2024 मध्ये राष्ट्रीय दुग्ध विकास मंडळाकडे सोपवावे लागले. दुधाच्या भुकटीचा जागतिक भाव ज्या लिलावात ठरतो, तो 2008 मध्ये न्यूझीलंडच्या फॉन्टेराने सुरू केला. आणि फॉन्टेरा ही शेतकऱ्यांच्याच मालकीची सहकारी संस्था आहे. म्हणजे जगाच्या बाजारात शेतकऱ्याची संस्था दुबळीच ठरते, असे मुळीच नाही. आपल्या सहकाराने तालुक्याच्या राजकारणापुढे पाहणे सोडले. अध्यक्षपद घराण्यात राहिले, विद्वान बाहेर राहिले, सभासद मतदार झाला. राहुरीचा तनपुरे कारखाना अनेक हंगाम बंद राहिला. पारनेरचा सहकारी कारखाना विकला गेला. 1910 मध्ये स्थापन झालेल्या नगर अर्बन बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर 2023 मध्ये रद्द केला आणि शतकभर जमवलेला विश्वास ठेवीदारांच्या रांगेत उभा राहिला. पिढीला उमेद देणाऱ्या संस्थाच अशा ढासळल्यावर मुलांनी कशावर भरवसा ठेवायचा?

उमेद पुरती संपली आहे, असेही मला वाटत नाही. शेजारच्या नाशिक जिल्ह्यात मोहाडीला सह्याद्री फार्म्स ही शेतकऱ्यांची कंपनी द्राक्षे थेट युरोपात पाठवते. जागतिक बाजाराला घाबरून बसण्यापेक्षा त्याचे नियम शिकून घेतले तर काय होते, ते तिथे दिसते. हिवरेबाजारला पाण्याचा ताळेबंद अजून दरवर्षी मांडला जातो. सुप्यात नवे, परदेशी भांडवलाचे कारखाने येत आहेत. ते कोणाचे भले करतील, हे आपण त्यांच्याशी काय बोलतो यावर ठरेल: ठेकेदारीचे वाटे मागतो, की मुलांसाठी तीन-तीन वर्षांची पक्की शिकाऊ उमेदवारी मागतो. आतापर्यंत पहिलीच मागणी मोठ्याने ऐकू आली आहे.

म्हणून माझी विनंती जिल्ह्यातल्या सभासदांना आहे. सप्टेंबरात कारखान्यांच्या आणि दूध संघांच्या वार्षिक सभा होतात. अहवाल वाचला जातो, हात वर होतात, जेवण होते. पुढच्या सभेला उभे राहून तीन गोष्टी विचारा. आपल्या संचालक मंडळावर तज्ज्ञ म्हणून कोण आहे आणि त्याचे म्हणणे ऐकले जाते का? आपला माल आपल्या नावाने विकण्यासाठी यंदा किती पैसे ठेवले? ऊसतोड कामगारांच्या आणि सभासदांच्या किती मुलांना संस्थेने पक्क्या पगारावर, हाताला कौशल्य देणारे काम दिले? उत्तर लेखी मागा. मुलांना सोबत घेऊन जा, आणि त्यांनाही विचारू द्या.